आयाळ नव्हे, चाल बघा
(तिबेटन मॅस्टिफवरच्या लघुमाहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: चांगथांग, पहाट. काळा तंबू, मागे चढण. वरून एक कुत्रा खाली येतोय.)

उतार बघा. पायाखाली सुटे दगड, ओहोळाच्या कडेला अजून बर्फ. त्यावरून हा एवढा अवजड गडी खाली येतोय आणि घाई कुठेच नाही. पंजा टेकतो, अंदाज घेतो, मगच त्यावर भार देतो.

आधी चाल बघून घ्या. या जातीबद्दल जे बोललं जातं ते बहुतेक वेळा आयाळीपासून सुरू होतं आणि आयाळीपाशीच अडकतं.

(दृश्य: तंबू जवळून. शेळ्या वाडग्यातून बाहेर पडतायत.)

हे लडाखमधलं चांगथांग. त्सो मोरिरी सरोवराच्या वरच्या अंगाला, समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरच्या पुढे. इथले चांगपा, म्हणजे भटके पशुपालक, पश्मिना देणाऱ्या शेळ्या, मेंढ्या आणि याक घेऊन कुरणं बदलत फिरतात. याकच्या केसांच्या या तंबूला रेबो म्हणतात. त्याच्यासमोर आता जो बांधला जातोय, तो तिबेटन मॅस्टिफच्या घराण्यातला. वंशावळीचा कागद नाही, मायक्रोचिप नाही, नावसुद्धा रोज हाक मारावी असं नाही. दिवसा बांधलेला, रात्री मोकळा.

धनगराचा वाडा शेतात बसलेला असताना रात्री बांधावरून जायची वेळ ज्याच्यावर आली असेल, त्याला या कुत्र्याचं काम समजावून सांगायला नको. हा कळप वळत नाही, राखतो. लांडगा, हिमबिबट्या, अनोळखी माणूस, तिघांनाही एकच आवाज.

(आवाज: भुंकणं, दरीतून प्रतिध्वनी. निवेदन थांबवावं.)

(दृश्य: पुणे, डॉग शोचं मैदान. रिंग, जज, हँडलर.)

आता पुण्यात. जानेवारीची सकाळ, हिरवळीवर आखलेली रिंग. इथे प्रत्येक कुत्रा एका लेखी वर्णनाशी ताडून बघितला जातो. ते वर्णन म्हणजे ब्रीड स्टँडर्ड. कुत्र्यांच्या जातींची जागतिक संस्था एफसीआय, तिच्या यादीत ही जात २३० क्रमांकावर आहे, दो-ख्यी या नावाने. गट दुसरा, त्यातला डोंगरी मोलोसॉइड, म्हणजे जड बांध्याच्या मॅस्टिफसारख्या कुत्र्यांचा विभाग. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या शोमध्येही याच स्टँडर्डवर बोट ठेवून निकाल दिला जातो.

जज पहिल्यांदा काय करतात ते बघा. मापाची काठी खांद्याच्या उंचवट्यावर. नर किमान ६६ सेंटिमीटर, मादी किमान ६१. वरची मर्यादा नाही. आणि वजनाचा तर आकडाच नाही. ‘शंभर किलोचा होतो साहेब,’ असं पिल्लू विकणारे सांगतात, तो आकडा या कागदावर कुठेही सापडत नाही. कागद म्हणतो: ताकदवान, जड, मजबूत हाडाचा, कुठल्याही हवेत काम करू शकेल असा. ‘काम’ हे तिथे लिहिलेलं आहे.

(दृश्य: डोकं, अगदी जवळून. जजची बोटं कपाळावरून खाली येतात.)

हे डोकं. रुंद, जड, कवटी वरून किंचित गोलसर, मागचं हाड ठळक. कवटीची लांबी आणि तोंडाची लांबी जवळपास सारखी, तोंड जरासं आखूड चालतं. तोंडाचा शेवट चौकोनी. नाकपुड्या मोकळ्या. ओठ खालचा जबडा झाकतील इतके भरलेले, पण लोंबणारे नाहीत.

आता जजची तर्जनी बघा, डोळ्याच्या वरून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरतेय. प्रौढ कुत्र्याच्या डोक्यावर इथे एक घडी असू शकते. एक, आणि तीही बेताची. कपाळभर सुरकुत्या, सैल कातडी, लोंबते ओठ, गळ्याखाली बैलासारखी पोळी हे सगळं स्टँडर्डमध्ये आहे खरं, पण दोषांच्या यादीत. बाजारात नेमकं याच्यासाठी जास्त पैसे मोजले जातात.

(दृश्य: डोळा. पापणी.)

डोळा मध्यम, लंबगोल, किंचित तिरका, तपकिरी, जितका गडद तितका बरा. पापणी डोळ्याला घट्ट बसलेली हवी. चांगथांगच्या वाऱ्यात धूळ आणि बर्फाचे कण असतात. तिथे सैल पापणीचा कुत्रा डोळे चोळत बसेल.

दात. वरचे पुढचे दात खालच्यांना लगटून पुढे, कात्रीसारखे. टोकाला टोक भिडलं तरी चालतं. खालचा जबडा पुढे आलेला असेल तर कुत्रा बाद. हा इंग्लिश मॅस्टिफ नाही आणि बुलडॉग तर नाहीच.

(दृश्य: चांगथांग, जून. मेमे कुत्र्याच्या अंगावरची लोकर उपटतायत.)

पुन्हा वर. हे मेमे, म्हणजे तंबूतले आजोबा. कुत्र्याच्या मांडीवर हात फिरवतात आणि मूठभर लोकर हातात येते. राखाडी, तेलकट, पिंजलेल्या कापसासारखी. बाहेरचे केस जागेवरच, राठ आणि उभे. सुटतेय ती आतली लव. थंडीभर ती इतकी दाट असते की बोट कातडीपर्यंत पोचत नाही. आता जून आहे, ती गळतेय. त्यामुळे या घटकेला हा कुत्रा भिकार दिसतो. कुल्ह्यावर झुबके लोंबतायत, मान जवळजवळ उघडी. शहरातल्या गिऱ्हाइकाने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नसतं.

स्टँडर्ड मात्र त्याच्या बाजूने आहे. केस किती आहेत यापेक्षा कसे आहेत हे महत्त्वाचं, असं त्यात सरळ लिहिलंय. सरळ, राठ, अंगापासून उभे. रेशमी नकोत, कुरळे नकोत, लाटालाटांचे नकोत. गरम महिन्यांत आतली लव विरळ होते, हेही लिहिलेलं आहे. नराच्या मानेवर दाट केस असतात, मादीला कमी.

(कट: पुणे, ग्रूमिंग टेबल. ब्लोअर सुरू. आयाळ फुगत जाते.)

हे ब्लोअरचं काम. यावर आम्ही वेगळं काही बोलत नाही.

रंग चार घराण्यांचे. काळा, निळसर करडा, सोनेरी आणि सेबल, म्हणजे टोकाला काळपट झालेल्या केसांचा. काळ्या आणि निळसर कुत्र्याला भुवईवर, तोंडावर, पायांवर तांबूस खुणा असतात किंवा नसतात. छातीवर पांढरा ठिपका चालतो. ‘दुर्मिळ स्नो-व्हाइट’ म्हणून ज्याची जाहिरात होते तो पांढरा रंग रिंगमध्ये थेट बाद.

(दृश्य: गाढव आणि कुत्रा शेजारी शेजारी, एकाच फ्रेममध्ये.)

ही फ्रेम मुद्दाम घेतलीय. मार्को पोलो १२७१ साली आशियाकडे निघाला. तिबेटातले कुत्रे गाढवाएवढे असतात, असं त्याच्या प्रवासवर्णनात आलं. हे चांगपांचं गाढव, तेही लहान चणीचं. कुत्र्याची पाठ त्याच्या पाठीच्या बरीच खाली राहते. पण आकडा फुगवायची सवय तेव्हापासून जी लागली, ती काही सुटली नाही.

(दृश्य: जुनी रेखाचित्रं, छायाचित्रं.)

१८४७ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड हार्डिंगने एक नर राणी व्हिक्टोरियाला पाठवला. पाश्चात्त्य भूमीवर पोचलेल्या अगदी पहिल्या कुत्र्यांपैकी हा. पुढे तिच्या मुलाने, म्हणजे नंतरच्या सातव्या एडवर्डने, दोन नेले. १८९८ मध्ये बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात पिल्लं झाल्याची नोंद आहे. प्राणिसंग्रहालयात! म्हणजे युरोपाने हा कुत्रा आधी बघायची वस्तू म्हणून ओळखला. उतारावर चालताना तो कुणी बघितलाच नाही.

ज्यांनी बघितला होता, त्यांच्यापैकी एक फ्रेडरिक बेली. सिक्कीम, भूतान आणि तिबेटशी ब्रिटिशांचे राजकीय संबंध सांभाळणारे अधिकारी. ते आणि त्यांची पत्नी १९२८ मध्ये चार तिबेटन मॅस्टिफ घेऊन इंग्लंडला गेले. १९३१ मध्ये तिथे तिबेटी जातींची संघटना उभी राहिली आणि या कुत्र्याचं पहिलं अधिकृत वर्णन कागदावर आलं. त्याआधी शतकानुशतकं त्याचं स्टँडर्ड एकच होतं: सकाळी शेळ्या मोजायच्या, एकही कमी भरता कामा नये.

(दृश्य: कुत्रा चढ चढतो. छातीचा भाता जवळून.)

छाती बघा. खोल, पण पिंपासारखी गोल नाही. फासळ्यांचा पिंजरा हृदयाच्या आकाराचा, तळ कोपराच्या खाली उतरलेला. या चढावर आमचा कॅमेरामन दर वीस पावलांना उभा राहत होता. कुत्रा तोंडसुद्धा उघडत नाही. त्यामागे नुसती छाती नाही, रक्तही आहे. विरळ हवेत शरीर जास्त लाल पेशी बनवायला लागतं आणि रक्त दाटतं. ते आवरणाऱ्या जनुकांपैकी एक म्हणजे ईपीएएस१. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिबेटातल्या कुत्र्यांकडे त्याचा जो प्रकार आहे तो तिथल्या लांडग्यांकडून आला. म्हणजे कधीतरी राखणदाराची चोराशी सोयरीक झाली होती.

(दृश्य: वर्तमानपत्रांची कात्रणं, परदेशी लिलावाची छायाचित्रं.)

मग पैसा आला. चीनमध्ये नवश्रीमंतांच्या दारात हा कुत्रा असणं प्रतिष्ठेचं झालं. सिंहासारखा दिसेल तो महाग. २०१३ मध्ये हनान प्रांतातल्या एका प्राणिसंग्रहालयाने तर याला खरोखरच ‘आफ्रिकन सिंह’ अशी पाटी लावून पिंजऱ्यात ठेवलं. सिंह भुंकला आणि बिंग फुटलं. त्याच वर्षी बीजिंगमध्ये एका मालकाने कपाळाची सैल कातडी नीट करून घ्यायला कुत्र्याला शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढवलं. कुत्रा तिथेच गेला आणि प्रकरण कोर्टात. मार्च २०१४ मध्ये चेच्यांग प्रांतातल्या एका प्रदर्शनात एक पिल्लू १ कोटी २० लाख युआनला गेल्याची बातमी जगभर छापून आली. ज्या डोक्यासाठी, ज्या कातडीसाठी ही बोली लागत होती, ती पाच मिनिटांपूर्वी तुम्ही दोषांच्या यादीत बघितली.

वर्षभरात भाव कोसळले, केनेलं बंद पडली, हजारो कुत्रे तिबेटच्या पठारावर मोकाट सुटले.

(दृश्य: पुणे, रिंग. कुत्रे पळवले जातायत.)

रिंगमध्ये आता चालीची फेरी. पहिला, सोनेरी. आयाळ सगळ्यात मोठी, टाळ्याही सगळ्यात जास्त. मागचे पाय बघा. पाऊल उचललं जात नाही, ओढलं जातं. स्टँडर्ड म्हणतं, जड आणि अडखळती चाल हा दोष. दुसरा, काळा, तांबूस भुवयांचा, अंगाने कमी. हलका टप्पा, पुढे पोच, मागून जोर. वेग वाढला की चारही पावलं एका रेषेकडे यायला लागतात, हे शेजारी बसलेल्या मुलाने आम्हाला दाखवलं. शेपूट पाठीवर सैल वळलेली, कुल्ह्यावर आवळून गुंडाळलेली नाही.

जजनी दुसऱ्याला पुढे काढलं. मागे जी कुजबुज ऐकू येतेय ती तशीच ठेवली आहे.

(दृश्य: विजेता सावलीत, पाण्याची बादली.)

हा साडेतीन वर्षांचा. म्हणजे अजून पुरता वाढलेला नाही. मादी दोन-तीन वर्षांत भरते, नराला किमान चार लागतात. दीड वर्षाच्या पोराला खाऊ घालून जाडजूड केलं तर सांध्यांना, विशेषतः खुब्यांना, ते झेपत नाही.

(दृश्य: चांगथांग, तंबूच्या आत. मादी आणि पाच-सहा महिन्यांची पिल्लं.)

तंबूतली ही पिल्लं हिवाळ्यात जन्मलेली. इतर बहुतेक जातींच्या माद्या वर्षातून दोनदा माजावर येतात, तिबेटन मॅस्टिफची मादी सहसा एकदाच, शरदाच्या सुमारास. त्यामुळे पिल्लं येतात ती साधारण डिसेंबर-जानेवारीच्या आगेमागे. मेमेंना विचारलं, यातलं कुठलं ठेवणार? त्यांनी पिल्लं उचलून बघितली नाहीत. दारातून एक दगड उतारावर भिरकावला आणि कुठलं पिल्लू किती लांब जाऊन, कसं परत येतं ते बघत राहिले.

आपल्याकडे ऐन पावसाळ्यात ‘तिबेटन मॅस्टिफ, वय ३० दिवस, सिंहाची आयाळ, गॅरंटी’ अशी जाहिरात दिसली तर आधी पिल्लांची आई दाखवा म्हणायचं. तिची पापणी बघायची, दात बघायचे, आणि तिला मोकळं सोडून चालायला लावायचं.