मॅटखाली

[दृश्य: रत्नागिरी. घराला लागून पत्र्याची शेड, आत ताडपत्री. मागे लाटांचा आवाज.]

ताडपत्री ओढली तेव्हा आधी पाली पळाल्या. मग धूळ खाली बसली आणि ती दिसली. फियाट अकराशे डिलाइट, १९७० सालची. माझ्या मामांची. एकोणीस वर्षं इथंच उभी.

लांबून पाहिलंत तर बरी दिसते. बंपरवर थोडा गंज, उजव्या दाराखाली रंगाला फोड आलेले, बाकी सगळं जागच्या जागी. टायर बदला, बॅटरी टाका, निघेल. आम्हालाही तसंच वाटलं होतं. मग जॅक लावला. गाडी वर गेलीच नाही, जॅकच गाडीत शिरला.

[दृश्य: दाराखालचं भोक. तळहातावर तांबडा भुगा.]

इथं थोडं थांबून या गाडीची घडण सांगायला हवी. जीप किंवा ट्रकला खाली चासी असते, बॉडी तिच्यावर बसवलेली असते. बॉडी सडली तरी सांगाडा शाबूत राहतो. फियाटला अशी वेगळी चासी नाही. पायाखालचा पत्रा, दारांखालून जाणारी पत्र्याची पोकळ पेटी, छत, खांब हे सगळं एकमेकांना वेल्ड केलेलं, आणि तेच वजन पेलतं. म्हणून हिच्या फ्लोअरला गंज लागणं म्हणजे घराच्या जोत्याला वाळवी लागणं.

ही गाडी मूळची इटलीची. तिथं १९५३ मध्ये आलेल्या फियाट अकराशेच्या घराण्यातली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची. पुढं हिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं, आणि मुंबईची काळी-पिवळी म्हटलं की आठवते ती हीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हा लोक तिच्यासोबत फोटो काढत होते. आमच्या शेडमध्ये तिची थोरली बहीण पालींना सांभाळत बसली होती.

[दृश्य: टेम्पोवर बांधलेली गाडी, आंबा घाटाची वळणं.]

कोल्हापूर. शिवाजी उद्यमनगर. लेथ, बोअरिंग, वेल्डिंग, इंजिनाचं जे काम म्हणाल ते इथं दहा दुकानांच्या आत होतं.

मिस्त्रींनी इंजिनाकडं पाहिलंसुद्धा नाही. खिशातून एक लोहचुंबक काढला आणि गाडीभोवती फिरायला लागले. टपावर चिकटला. बॉनेटवर चिकटला. मागच्या चाकाच्या वरच्या भागावर धरला आणि सोडला, तर टण्णकन जमिनीवर पडला.

"पत्रा कुठं हाय इथं? नुसती लांबी हाय."

लांबी म्हणजे बॉडीवरचे खड्डे बुजवायची पुटी. कुणीतरी कधीतरी सडका भाग कापायचा कंटाळा करून वरून लांबी भरली, घासली, रंग मारला. रंगाखाली पाणी मुरत राहिलं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणूनच रंगाला फोड येतात. फोड दिसला म्हणजे आतलं काम कधीच उरकलेलं असतं.

मग पायाखालची मॅट उचलली.

[दृश्य: काळी रबरी मॅट वर उचलली जाते. खालून जमीन दिसते.]

ही मॅट मामांनी हौसेनं टाकून घेतली होती. जाड रबर, खाली नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेला जाड थर. फ्लोअर खराब होऊ नये म्हणून. पुढच्या काचेचं रबर वाळलं, त्यातून दर पावसाळ्यात थोडं पाणी आत यायचं, ते नमद्यात शिरायचं आणि तिथंच राहायचं. वर खारी हवा. मीठ असलं की ओल लवकर सुकत नाही आणि गंजाचा वेगही वाढतो. मॅट मात्र आजही नवीकोरी आहे.

कापायला घेण्याआधी मिस्त्रींनी एक गोष्ट केली, तिला दोन दिवस गेले आणि तेव्हा मला ते दिवस वाया गेल्यासारखे वाटले. दारं काढून दारांच्या चौकटींत लोखंडी अँगल आडवे-तिरपे टाकून घेतले. खालची पेटी कापली की गाडीचा कणाच निघतो, मग बॉडी मध्ये खचते आणि नंतर दारं लागतच नाहीत. म्हणून आधी आधार द्यायचा आणि एका वेळी एकच बाजू कापायची. सडलेलं कापत जायचं, लखलखीत पत्रा लागेपर्यंत. आमच्या गाडीत तो बराच आत लागला.

नवा पत्रा वीस गेजचा, मिलिमीटरपेक्षा जरा कमी जाडीचा. एका दमात वेल्डिंगची लांब रेघ ओढली तर तापून वाकडा होतो. एक टाका इथं, एक तिथं, मग थंड होऊ द्यायचं. मग एपॉक्सी प्रायमर, खालून अंडरकोट, पेटीच्या पोकळीत मेणासारखा थर. पेटीच्या तळाला पाणी जायला कारखान्यानंच भोकं ठेवलेली असतात. आमची पानं-मातीनं बुजलेली होती. ती उघडी ठेवणं हे सगळ्या रंगकामापेक्षा महत्त्वाचं, असं माझं मत झालंय.

[दृश्य: इंजिन स्टँडवर. प्लगच्या भोकांत डिझेल.]

इंजिनाची फार कथा नाही. १०८९ सीसी, चार सिलिंडर, जाम झालेलं. प्लग काढून आत डिझेल सोडलं, आठवडाभर मुरू दिलं. मग पुलीला पाना लावून हळूच मागे-पुढे करत राहिलो. सुटलं. बोअर मारला, म्हणजे सिलिंडर आतून कापून गुळगुळीत करून घेतले, मग नवे पिस्टन, रिंगा, बेअरिंग. सामान कोल्हापुरात, पुण्याच्या नाना पेठेत आणि कुर्ल्यात मिळालं. हे मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचे उपकार. तीच मूळ रचना इतकी वर्षं धावत राहिली, म्हणून तिचे सुटे भागही बाजारात राहिले.

पेट्रोलची टाकी मात्र जपून. तिच्यात नट आणि साखळीचा तुकडा टाकून हलवली, बादलीभर गंज निघाला. जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा, सगळं बदललं. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला खातं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. १९७० मध्ये याचा विचार कुणी केला नव्हता.

आणि ब्रेक. इथं मी मिस्त्रींशी भांडलो, चुकीच्या बाजूनं. मला इंजिनाचा आवाज ऐकायचा होता. ते म्हणाले, "थांबायचं आधी, पळायचं मागनं." या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि ऑइलची एकच लाइन. कुठंही गळली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. ब्रेक ऑइलही हवेतली ओल शोषतं, त्यामुळे चाकांतले छोटे सिलिंडर आतून खड्डे पडून खराब झाले होते. ते घासून चालवता आले असते. मिस्त्रींनी हातोडीनं फोडले, म्हणजे मी परत उचलणार नाही.

[दृश्य: रंग लागलेली गाडी उन्हात.]

रंग लागला, सगळे खूश झाले. पुढे चला.

कागदपत्रांत एक गंमत निघाली. ५० वर्षांवरच्या खासगी गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबर प्लेटवर व्हीए ही अक्षरं येतात. ऐकायला छान. पण ती गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं किंवा दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोज फिरवायची परवानगी नाही. मामा म्हणाले, मला बाजारात न्यायचीय. मग साधाच रस्ता धरला, आरटीओची तपासणी आणि नोंदणीचं नूतनीकरण.

[दृश्य: पहाटेचा आंबा घाट. दुसरा गिअर, इंजिनाचा आवाज.]

कोल्हापूरहून रत्नागिरीकडं येताना घाट उतरायचा असतो. ड्रम ब्रेक सतत दाबले की तापतात आणि पकड सोडतात. म्हणून स्टिअरिंगच्या दांडीवरचा गिअर दुसऱ्यात टाकला आणि इंजिनालाच गाडी धरून ठेवायला लावली. मिस्त्री शेजारी बसले होते. हात मांडीवर, उजवा पाय मात्र वळणागणिक नसलेला ब्रेक दाबत होता.

साखरप्याला चहाला थांबलो. मिस्त्रींनी चहाआधी चारही दारं एकेक करून उघडली आणि लावली. चारही पहिल्या झटक्यात लागली. बॉडी खचली नव्हती. मग चहा घेतला, वर एक वडापावही.

[दृश्य: मामांचं घर. गाडी अंगणात.]

मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली. रंगाबद्दल काही बोलले नाहीत. दार उघडलं, वाकले आणि पायाखाली हात घालून नवा पत्रा चाचपला. कोरडा होता.

जुनी मॅट मी धुऊन, गुंडाळून डिकीत ठेवली होती. ती काढून त्यांच्यापुढे धरली.

"नको," म्हणाले. "गोठ्यात टाक."