वाऱ्यावर हाकलेले मोबाईल टॉवर

20 सप्टेंबर 2017. मारिया चक्रीवादळ कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटावर आदळलं आणि बेटावरचे जवळपास 95 टक्के मोबाईल टॉवर बंद पडले. लाईट नाही, रेंज नाही, बाहेरगावच्या माणसांना 'आम्ही ठीक आहोत' एवढा मेसेज टाकायचीसुद्धा सोय नाही.

पुढच्याच महिन्यात बेटाच्या डोक्यावर, साधारण 20 किलोमीटर उंचीवर फुगे येऊन थांबले. विमानं उडतात त्याच्या दुप्पट उंची आहे ही! अमेरिकेतल्या नेवाडामधून सोडलेले, गूगलच्या मूळ कंपनीच्या, आकाशातून मोबाईल नेटवर्क देणाऱ्या 'लून' प्रोजेक्टचे फुगे.

हा फुगा जवळून बघा. पातळ पॉलिथिनचा, पूर्ण फुगला की टेनिस कोर्टाएवढा, खाली सोलर पॅनल, बॅटरी आणि अँटेना लटकवलेले. इंजिन नाही, पंखा नाही. मग हजारो किलोमीटर लांबच्या बेटावर नेमका पोचला कसा? तर त्या उंचीवर वाऱ्याचे थर असतात, एक थर पूर्वेला वाहतो तर थोडा वरचा पश्चिमेला, आणि फुग्याच्या आत हवेचा वेगळा कप्पा असतो, पंपाने त्यात हवा भरली की फुगा जड होऊन खाली येतो, सोडली की वर जातो, म्हणजे पाहिजे तो वारा पकडायचा आणि त्यावर स्वार व्हायचं. कुठला वारा कधी पकडायचा हे कॉम्प्युटर ठरवायचा. मला तर या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

सिग्नल जमिनीवरच्या स्टेशनवरून फुग्याकडे, एका फुग्यावरून दुसऱ्याकडे, आणि तिथून थेट लोकांच्या साध्या फोरजी फोनवर. वेगळी डिश वगैरे काही लागायची नाही. प्वेर्तो रिकोत 2 लाखांवर लोकांना असं नेटवर्क मिळालं, मेसेज आणि थोडंफार इंटरनेट, पण अशा वेळी तेवढंच तर हवं असतं ना.

जुलै 2020 मध्ये केनियात टेल्कम केनिया या मोबाईल कंपनीसोबत नेहमीची सेवा सुरू झाली, 35 फुगे, जवळपास 50,000 चौरस किलोमीटर. एक फुगा तर तब्बल 312 दिवस हवेत राहिला. तरीही जानेवारी 2021 मध्ये लून बंद झालं, कारण खर्च काही परवडण्याइतका खाली येईना. धंदा म्हणून नसेल जमलं, पण वादळ-पुरासाठी तरी असे फुगे कुणीतरी तयार ठेवायलाच हवे होते असं मला मनापासून वाटतं.

फुग्याफुग्यांत डेटा पाठवायला बनवलेलं लेझरचं तंत्र मात्र वाया गेलं नाही, 2021 मध्येच त्याच कंपनीच्या 'तारा' नावाच्या प्रोजेक्टने त्यावरून आफ्रिकेतल्या काँगो नदीपलीकडे, ब्राझाव्हिल शहरातून समोरच्या किन्शासा शहरात, केबल न टाकता इंटरनेट पोचवलं.