नोंद कोणी ठेवली?

श्रोतेहो, या व्याख्यानाची पत्रिका वाटली गेल्यावर एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला म्हापशाच्या बाजारात थांबवून विचारले की, कलावंताची कला सांगावी, लेखकाचे लेखन सांगावे, तो प्रेम कोणावर करीत होता याच्याशी आपल्याला काय कर्तव्य? प्रश्न रास्त आहे. फक्त तो आपण सगळ्यांच्या बाबतीत विचारीत नाही. तुकोबांचे चरित्र आवलीला वगळून सांगून पाहा, म्हणजे किती उणे पडते ते कळेल. थोरांच्या संसाराची नोंद आपण सहज ठेवतो. समलिंगी पुरुषांच्या वाट्याला ती सहजता येत नाही, आणि म्हणून त्यांच्याविषयी बोलताना आधी हे पाहावे लागते की, त्यांची नोंद कोणी ठेवली आणि कशासाठी.

पुष्कळदा ती सरकारने ठेवलेली असते. ज्या लिस्बनमधून आपल्या आजोबा-पणजोबांना हुकूम येत, तिथे आंतोनिओ बोत्तो नावाचा कवी होता. पुरुषाने पुरुषाला उद्देशून केलेली प्रेमकविता त्याने आडपडदा न ठेवता लिहिली. पोर्तुगीजमधला थोर कवी फेर्नांदो पेसोआ याने १९२२ मध्ये त्याच्या संग्रहाची नवी आवृत्ती स्वतःच्या प्रकाशनसंस्थेतर्फे काढली आणि समर्थनार्थ लेखही लिहिला. पुढच्याच वर्षी सरकारी आदेशाने प्रती जप्त झाल्या. पोटासाठी बोत्तो सरकारी नोकरी करीत असे. १९४२ मध्ये त्याला बडतर्फ केले, आणि आपल्याकडे जसे ‘बोलेतीं ओफिसियाल’ निघत असे तशा तिथल्या राजपत्रात त्याची कारणे छापली: वरिष्ठांची आज्ञा मोडणे, एका पुरुष सहकाऱ्याशी सलगीची भाषा करणे, आणि कचेरीच्या वेळेत कविता लिहून त्या म्हणून दाखवणे. या तिसऱ्या कलमाखाली आपल्याकडच्या किती कचेऱ्या ओस पडल्या असत्या, ते असो. १९४७ मध्ये तो ब्राझीलला गेला आणि १९५९ मध्ये रिओत वाहनाची धडक बसून वारला.

दुसरी नोंद खणात कुलूपबंद राहिलेली असते, आणि तिथे मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण ती कथा एका मराठी दरबारातून जाते. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ मध्ये देवास संस्थानच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचा खासगी चिटणीस होता. विलायतेत जी गोष्ट उघड झाली तर तुरुंग ठरलेला, ती त्याने महाराजांजवळ बोलून टाकली. महाराजांनी ती न रागावता, समजुतीने घेतली. त्याच दरबारातला गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने डोळे भरून पाहिला. १९२४ च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’चा तिसरा भाग उघडला की, गोडबोले नावाचे प्राध्यापक देवापुढे उभे असतात आणि भजनात तुकारामाच्या नावाचा गजर चाललेला असतो. इंग्रजी कादंबरीत हा गजर अवचित भेटतो, तेव्हा मराठी वाचक क्षणभर थबकतो. पण याच लेखकाने १९१३-१४ मध्ये लिहिलेली ‘मॉरिस’ ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी आयुष्यभर छापली नाही. १९६७ मध्ये इंग्लंड-वेल्समधला कायदा सैल झाला, तरीही नाही. तो १९७० मध्ये वारला, आणि कादंबरी १९७१ मध्ये आली. कायदा उठला तरी पन्नास वर्षांची सवय उठत नाही, असाच याचा अर्थ मी लावतो. देवासच्या त्या दिवसांविषयीचे त्याचे अगदी खासगी टिपणही त्याच्या पश्चातच छापले गेले.

चित्रकार भूपेन खख्खर यांनी मात्र स्वतःची नोंद स्वतःच मांडली. मुंबईत १९३४ मध्ये जन्मलेला, सनदी लेखापालाची परीक्षा उत्तीर्ण झालेला हा माणूस बडोद्याला स्थायिक झाला आणि हिशेबाची कामे सांभाळून चित्रे काढीत राहिला. १९८१ मधल्या त्यांच्या प्रसिद्ध चित्रात एक विवस्त्र पुरुष सज्जात पाठमोरा उभा आहे आणि खालच्या रस्त्यावर बाप, लेक आणि गाढव ही आपल्या शालेय पुस्तकातली गोष्ट घडते आहे. सगळ्यांना खूश करता येत नाही, हेच चित्राचे नाव. जी गोष्ट आपण मुलांना हसत हसत सांगतो, तिच्या आडून या माणसाने स्वतःविषयीचे सत्य जगापुढे ठेवले. ते चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयाच्या मालकीचे आहे.

आता आपल्या शेजारी येऊ. म्हापशाहून पत्रादेवीच्या रस्त्याला लागले की कोलवाळ लागते, आणि कोलवाळ म्हटले की फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स. आपल्याकडच्या कुणबी बायका लाल चौकटींचे जाड सुती कापड खांद्यावर गाठ मारून आखूड नेसत. शेतात वाकून लावणी करताना पदर सुटून चालत नसे, ही त्यामागची सोय. ते कापड विणणारे हात उरले नव्हते. रॉड्रिक्सनी ते पुन्हा विणवून घेतले, आजच्या नेसणीला पुरेल एवढ्या लांबीत आणले आणि २०१० च्या सुमारास दिल्लीच्या फॅशन मंचावर नेले. गोव्याच्या पेहरावाच्या इतिहासावर त्यांनी ग्रंथ लिहिला आणि संग्रहालयासाठी स्वतःचे राहते घर रिकामे केले. फ्रेंच जोडीदाराबरोबरचे सहजीवन त्यांनी कधी लपवले नाही.

तारखा मात्र पाहण्यासारख्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ पुन्हा पूर्ववत केले, आणि दीड महिन्यात प्रजासत्ताक दिनाच्या पद्मश्रींच्या यादीत वेंडेल रॉड्रिक्स हे नाव आले. म्हणजे ज्या देशाचा कायदा त्यांच्या सहजीवनाला गुन्हा म्हणत होता, तोच देश त्यांच्या कामाचा गौरव करीत होता. प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते कलम ६ सप्टेंबर २०१८ रोजी निष्प्रभ झाले. १२ फेब्रुवारी २०२० रोजी रॉड्रिक्स कोलवाळच्या घरी वारले.

विवाहाची नोंद हा गोव्यात फार जुना आणि फार काटेकोर मामला आहे. इथल्या नागरी कायद्यात नोंदवहीतल्या सहीशिवाय लग्न लग्नच नव्हे. रॉड्रिक्स आणि त्यांच्या जोडीदाराचा २००२ मधला सहजीवनाचा करार फ्रेंच कायद्याखाली झाला. आपल्या बार्देश तालुक्याच्या नोंदवहीत त्यासाठी रकाना तेव्हा नव्हता, आणि समलिंगी विवाहाला मान्यता नाकारणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतर आजही नाही.