सातबाऱ्याचा सारांश नको

(दृश्य: मालवणची बाजारपेठ, सकाळ. ई-सेवा केंद्राचं शटर वर जातं.)

मालवणच्या बाजारपेठेतल्या एका गल्लीतलं हे ई-सेवा केंद्र. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि पाऊस धरला की हमखास दगा देणारी लाइट. इथे येणारा प्रत्येक जण काही ना काही खाजगी घेऊनच येतो. कुणाचं आधार, कुणाचं पासबुक, कुणाचे होडीचे कागद.

(दृश्य: स्क्रीन जवळून. सातबारा उघडलेला. कोपऱ्यात एक चौकट उमटते.)

‘या पानाचा सारांश हवा का?’

पाठीमागे उभे असलेले आजोबा वाकून बघतात. “ह्यां मदीच काय इलां गो?”

“सारांश करून देऊ काय इचारता, आजोबा.”

“सातबाराचो सारांश? भावबंदांची चौदा नावां आसत तेच्यार. त्येतलां एक गळलां तर कोर्टात कोण जातलो, ह्यो?”

केंद्र चालवणारी ताई हसते आणि चौकट बंद करते. पण आजोबांचं म्हणणं थट्टेवारी नेण्यासारखं नाही. सारांश करायचा तर पानावरचा मजकूर आधी कुणीतरी वाचायला हवा, आणि बहुतेक ब्राउझरांत तो वाचणारा एआय मदतनीस कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरवर, बसलेला असतो. क्रोममध्ये जेमिनी, एजमध्ये कोपायलट, ब्रेव्हमध्ये लिओ. तुम्ही न विचारता पान तिकडे जातंच, असं नाही. मात्र दिवसभर लोकांचे कागद हाताळणाऱ्या टेबलावर, रांग दारापर्यंत गेलेली असताना, चुकून पडलेली एक क्लिक पुरते.

सरसकट सगळ्या एआयला झोडपण्यातही अर्थ नाही. फायरफॉक्स पानाचं भाषांतर करतो ते तुमच्याच मशीनवर. मजकूर बाहेर जात नाही. १४८व्या आवृत्तीपासून, म्हणजे फेब्रुवारी २०२६पासून, कॉम्प्युटरवरच्या फायरफॉक्समध्ये एआयच्या सगळ्या सोयी एकदम बंद करायचं बटणही आलं आहे.

धोका आणखी एका बाजूने येतो. ऑगस्ट २०२५मध्ये ब्रेव्हच्या संशोधकांनी पर्प्लेक्सिटी या एआय कंपनीच्या कॉमेट ब्राउझरमधली एक खोट उघड केली. पानाच्या मजकुरात कुणी सूचना दडवून ठेवली, तर सारांश करताना ब्राउझरमधला मदतनीस ती मालकाचीच आज्ञा समजून पाळत होता. प्रात्यक्षिकात त्याच्याकडून ईमेलमधला ओटीपीसुद्धा बाहेर काढून दाखवला गेला.

(दृश्य: ताई नवा ब्राउझर उघडते.)

ताईने निवडला लिब्रेवुल्फ. पाया फायरफॉक्सचा, पण कंपनीला वापराची माहिती कळवणं बंद, एआय बंद, आणि जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन आधीपासून बसवलेलं. रेंज मरतुकडी असते तेव्हा जाहिराती न उतरणं हाच मोठा दिलासा. केंद्राच्या दृष्टीने खरी कामाची गोष्ट वेगळीच आहे. ब्राउझर बंद केला की कुकीज, म्हणजे साइटींनी ओळखीसाठी ठेवलेल्या बारीक नोंदी, आणि लॉगिन पुसले जातात. आधीच्या गिऱ्हाइकाचं खातं पुढच्याच्या समोर उघडं राहत नाही.

त्रासही आहे. वेबसाइटला तुमची ओळख पटू नये म्हणून लिब्रेवुल्फ घड्याळही खोटं सांगतो. इथे दुपारचे साडेतीन, पानाला दिसतात सकाळचे दहा. अपॉइंटमेंटची वेळ घेताना याने डोक्याला ताप होतो. सेटिंगमध्ये ही सोय बंद करता येते.

काही सरकारी साइटी आणि बोटांचे ठसे घेणारी यंत्रं क्रोमच्या घराण्याबाहेरचा ब्राउझर जवळ करत नाहीत. त्यासाठी तिने व्हिवाल्डी ठेवला आहे. नॉर्वेची कंपनी, क्रोमचाच पाया असलेल्या क्रोमियमवर उभा, आणि ब्राउझरमध्ये चॅटबॉट घालणार नाही असं त्यांनी २०२५मध्ये जाहीर सांगितलं. मोबाइलवरही तोच, कारण लिब्रेवुल्फ अँड्रॉइडवर मिळत नाही. ओळख लपवणारा टॉर ब्राउझर बनवणाऱ्या टॉर प्रोजेक्टसोबत २०२३मध्ये बनलेला मुलवाड ब्राउझर लिब्रेवुल्फहूनही कडक आहे. केंद्राच्या धबडग्यात तो जरा जास्तच होतो.

आमच्या मते एआय आहे की नाही, याच्याही आधी एक गोष्ट बघावी. अपडेट वेळेवर येतात का? फायरफॉक्समधली सुरक्षेची दुरुस्ती मागोमाग लिब्रेवुल्फमध्ये येते, पण विंडोजवर ती आपोआप बसेल असं गृहीत धरू नये. एआय नसलेला पण सहा महिने अपडेट न केलेला ब्राउझर म्हणजे कडी न लावलेलं दार.

(दृश्य: संध्याकाळ. स्क्रीनवर डाउनलोड्सचं फोल्डर. आधार, दाखले, उतारे, एकाखाली एक.)

आणि हे फोल्डर ब्राउझर सहसा आपणहून साफ करत नाही. ताई सगळ्या फाइली निवडते, डिलीट करते, मग रिसायकल बिनही रिकामा करते. सातबाऱ्याची एक प्रत तेवढी राहते, कारण आजोबा पैसे आणायला घरी गेलेत.