मध्ये पडणारा आणि त्याच्या शेजारचा

मंडळी, धाडसाचा विषय निघाला की आपण लगेच निधड्या छातीच्या माणसाला शोधू लागतो. मला विचाराल तर आधी त्याच्या शेजारी कोण उभं होतं ते बघावं.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी केलेले प्रयोग तुम्ही ऐकले असतील. कोट घातलेला एक गृहस्थ शांतपणे ‘पुढे चालू ठेवा’ म्हणतो आणि साधीसुधी माणसं पलीकडच्या खोलीतल्या अनोळखी माणसाला विजेचे झटके देत जातात. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. ४० पैकी २६ जण थेट ४५० व्होल्टपर्यंत गेले. माणूसजात कशी, हे सांगायला हा आकडा सगळे वापरतात. पुढचा प्रयोग मात्र सहसा कुणी सांगत नाही. त्यात बरोबर बसलेले दोघे मध्येच उठले, म्हणाले, आम्ही हे करणार नाही. मग शेवटपर्यंत गेले फक्त ४. कोट तोच, खोली तीच.

आता प्रयोगशाळेबाहेर या. १६ मार्च १९६८, व्हिएतनाममधलं माय लाय. हेलिकॉप्टर चालवणारा ह्यू थॉम्प्सन हा २४ वर्षांचा अमेरिकन वरून बघतो, तर आपलेच सैनिक म्हातारेकोतारे, बायका, पोरं मारत सुटलेत. एका खंदकाच्या आडोशाला काही गावकरी लपलेत आणि सैनिक तिकडेच निघालेत. त्यानं हेलिकॉप्टर नेमकं दोघांच्या मध्ये उतरवलं. खाली उतरताना सोबतच्या दोघांना सांगितलं, यांनी गोळी चालवली तर तुम्ही यांच्यावर चालवा. स्वतःच्या सैन्यावर! ते दोघे होते ग्लेन अँड्रिओटा आणि लॉरेन्स कोलबर्न. कोलबर्न १८ वर्षांचा. दोघे जागेवरून हलले नाहीत. मग थॉम्प्सन स्वतः आडोशापर्यंत गेला, हातवारे करून माणसांना बाहेर काढलं, आणि रेडिओवरून दुसरी हेलिकॉप्टरं मागवून त्यांना हलवलं. पाठीमागे ते दोघे नसते तर तो तिथवर गेला असता का? गेलाही असता. पण परत आला असता असं मला वाटत नाही.

त्याची खरी परीक्षा घरी होती. साक्ष दिल्यावर देशद्रोही म्हणून हिणवणं, जिवे मारण्याच्या धमक्या, सगळं वाट्याला आलं. या धाडसासाठी ‘सोल्जर्स मेडल’ हे पदक मिळालं १९९८ मध्ये, तीस वर्षांनी. अँड्रिओटा तर त्या घटनेनंतर काही आठवड्यांतच युद्धात मारला गेला होता.

म्हणून ‘मी एकटा काय करणार’ म्हणणाऱ्याला मी भित्रा म्हणत नाही, त्याचा हिशेब बरोबरच आहे. दमदाटी करणाराही तोच हिशेब करतो; सावज एकटं गाठायचं आणि बघे सुटे सुटे ठेवायचे. तेव्हा गुंडाच्या अंगावर धावून जाऊ नका. ज्याला धमकावलं जातंय त्याच्या बाजूला जाऊन उभे राहा, त्याच्याशीच बोला. जमलेल्या घोळक्याला ‘कुणीतरी या’ म्हणाल तर कुणीच येत नाही. एकाकडे बोट दाखवून ‘निळा शर्ट, तुम्ही इकडे या’ म्हणा. तो येतो, बहुतेक वेळा.

आणि एक राहिलंच. तक्रार करायची की नाही, हे आधी त्या पीडित माणसाला विचारा. तुम्ही घरी जाल. त्याला कदाचित त्याच माणसाच्या हाताखाली काम करायचंय, किंवा त्याच्याच घरात राहायचंय. काय घडलं ते तारीख-वेळेसकट, बोललेल्या शब्दांसकट त्याच दिवशी लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात त्याला फोन करा. धमकीचा दुसरा हप्ता तोवर आलेला असू शकतो.