गायरान पेटवण्याआधी

मंडळी, मार्च लागला की काटोल-कोंढाळीकडच्या टेकड्यांवर काळे पट्टे दिसायला लागतात. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून कुणी पाला जाळतं, कुणी तेंदूला चांगली फूट यावी म्हणून. आज मला बोलायचंय ते चाऱ्यासाठी लावलेल्या आगीबद्दल.

आधी पेटवणाऱ्याची बाजू. कुसळी हे रानातलं गवत दिवाळीनंतर राठ होतं, त्याची कुसळं ढोरांच्या तोंडात रुततात. चाऱ्यातली प्रथिनं ७ टक्क्यांखाली गेली की पोटातल्या जिवाणूंचीच उपासमार होते. मग समोर ढीग असला तरी जनावर कमी खातं. काडी लावली की राठ पाला जातो आणि मुळांतल्या साठ्यावर कोवळे कोंब फुटतात. गायक्याला दुसरं काय हवं? तो अडाणी नाही. त्याच्या हातातला सर्वात स्वस्त उपाय तो करतो.

पण हे कोंब उसनवारीचे असतात. गवतातला बहुतेक नत्र आणि बराचसा गंधक धुराबरोबर उडून जातो. स्फुरद आणि पालाश राखेत उरतात, आणि उतारावरची राख पहिल्याच जोरदार पावसात नाल्याला लागते. वर कोंब फुटल्या फुटल्या चरले गेले, की मूळही रिकामं होतं.

ब्राझीलमध्ये हेच फार मोठ्या पसाऱ्यावर घडलं. तिथली बहुतेक पांढरी गुरं आपल्या ओंगोलचीच वंशज आहेत. नेल्लूरवरून तिकडे त्यांना नेलोर म्हणतात. गवत आफ्रिकेतलं, ब्रॅकेरिया. माती आम्लधर्मी, स्फुरदाला महाग. जंगल तोडून जाळलं की राखेच्या जोरावर काही वर्षं कुरण झकास येतं. मग गवत विरळ होतं, झुडपं माजतात, पुन्हा आग, आणि शेवटी नवं जंगल तोडायचं. १९७३ साली स्थापन झालेल्या एम्ब्रापा या त्यांच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेने दुसरी वाट दाखवली: चुना, स्फुरद, गवतात द्विदल चारा, आणि पाळीपाळीने चराई. तेवढ्याच जमिनीवर जास्त जनावरं जगतात. शिवाय ज्या कुरणात पैसा घातलाय तिथे मालक आग लागू देत नाही, आणि मला तर हाच मोठा फायदा वाटतो.

त्यांचा चुना मात्र आपण उचलू नये. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मातीतच चुनखडी आहे. आपलं दुखणं वेगळं. ढोरं दिवसभर गायरानात चरतात आणि रात्री गोठ्यात येतात. शेण गोठ्यात पडतं, त्याचं खत पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला जातं, उरलेल्याच्या गोवऱ्या. गायरानातून पिढ्यान्‌पिढ्या फक्त नेलंय, परत काहीच दिलं नाही. वरून आपण त्यालाच काडी लावतो! धनगरांची मेंढरं शेतात बसवायला आपण मोबदला देतो. मग उन्हाळ्यात गावची ढोरं पाळीपाळीने गायरानाच्या एकेका तुकड्यावर रात्री बसवायला काय हरकत आहे? राखणीचा प्रश्न आहे, कबूल. वाघाच्या पट्ट्यात तर हे सुचवूही नये.

विकत खत घालायचंच तर आधी युरिया नको. मुरमाड जमिनीत पावसाच्या तोंडावर सिंगल सुपर फॉस्फेट द्या. त्यात १६ टक्के स्फुरद असतं, गंधकही मिळतो. सोबत स्टायलो या द्विदल चाऱ्याचं बी फेका. टरफल कडक असतं, म्हणून बी आधी गरम पाण्यातून काढायचं. स्टायलो हवेतला नत्र मुळांच्या गाठींत बांधतो आणि गवत वाळल्यावरही बराच काळ हिरवा राहतो. पहिल्या वर्षी चराई बंद, गवत फुलोऱ्यात आलं की कापून न्यायचं. हा प्रयोग आधी स्वतःच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आणि पडीत करा. गायरानात कुणी एकटा खत घालणार नाही, कारण त्याने घातलेलं दुसऱ्याची गाय खाणार. तिथे ग्रामसभेने तुकडा बंद ठेवल्याशिवाय एक पोतंही नेऊ नका. आणि जिथे रानातलं मूळचं गवत चांगलं आहे, तिथे खत घालूच नका. खताने माजणारं तण त्या गवताला मारतं.

राहिला मार्च ते जूनचा चाऱ्याचा खड्डा. भंडारा-गोंदियाकडे तणस, म्हणजे भाताचा पेंढा, मुबलक आहे. १०० किलो तणसावर ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडा, थर दाबा, ताडपत्रीने घट्ट झाका आणि २१ दिवसांनी उघडा. वास उडून जाईपर्यंत पसरून ठेवा, मगच द्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना मुळीच नको. आणि युरियाच्या पाण्याची बादली गोठ्यात विसरू नका. तहानलेली गाय ते प्यायली तर डॉक्टर येईपर्यंतही टिकत नाही.