लसणाचा वास, मोहरीचं कूळ

हे पान नुसतं नाकाशी धरलं तर काहीच कळत नाही. आता चिमटीत चुरडा. लसूण! पण शेंड्यावर बघा, चार पाकळ्यांची, अधिकच्या चिन्हासारखी पांढरी फुलं. म्हणजे कूळ मोहरीचं. नाव गार्लिक मस्टर्ड. आपण लसूण-मोहरी म्हणू.

चुरडल्यावरच वास का येतो? पानात सिनिग्रिन नावाचं द्रव्य असतं आणि ते फोडणारं विकरही (एन्झाइम) असतं, पण दोघांच्या खोल्या वेगळ्या. पान फाटलं की मधली भिंत पडते, दोघांची गाठ पडते आणि तिखट झणका उठतो. मोहरी वाटताना नाकात जातो, तोच. झाडाने तो ठेवला होता अळ्यांना पळवायला. माणसाला नेमका तोच आवडला.

तोही फार पूर्वीपासून. डेन्मार्क आणि जर्मनीत सुमारे ६००० वर्षांपूर्वीची मडकी मिळाली आहेत. त्यांच्या आत करपून चिकटलेल्या खरपुडीत लसूण-मोहरीच्या बियांमधले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले. हे संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झालं. बाजूलाच मासे आणि मांसाच्या चरबीच्या खुणा. या बियांनी काही पोट भरत नाही. मग त्या कालवणात पडल्या त्या चवीसाठीच, असं संशोधक म्हणतात. म्हणजे मसाला!

१८६८ साली न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर हिची पहिली नोंद झाली, आणि अमेरिकेत चित्र पालटलं. युरोपात हिला खाणारे कीटक पुष्कळ. अमेरिकेत जवळजवळ कुणीच नाही. हरणंही तोंड लावत नाहीत. शिवाय हिच्यातली द्रव्यं मातीत उतरतात आणि मेपलसारख्या झाडांच्या रोपांना मुळाशी साथ देणारी बुरशी मारतात. वेस्ट व्हर्जिनिया व्हाइट हे फुलपाखरू तर फसतंच. ओळखीच्या कुळातली समजून हिच्यावर अंडी घालतं. अळ्या पानं खातात आणि मरतात.

त्यामुळे तिथे वसंतात लोक हिला उपटायला जंगलात जातात. हिचं आयुष्य दोन वर्षांचं. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा झुबका, दुसऱ्या वर्षी तुरा, शेंगा आणि शेवट. कोवळी पानं कुणी चटणीसाठी वेगळी काढतं. जून पानं कडू.

उपटताना घाई केली तर खोड तुटतं आणि राहिलेल्या मुळातून पुन्हा फुटतं. बुडाशी धरून, सावकाश ओढायचं. फुलावर आलेलं झाड तिथेच टाकून चालत नाही, पिशवीत भरून न्यावं लागतं. मुळासकट उपटून पडलेलं असलं, तरी ते बी धरतं.